पाच गुंठे हुमणी

आमच्या घराण्यात गवत लावणारा मी पहिला.

पणजोबांपासून अण्णांपर्यंत सगळ्यांचा जन्म गवत काढण्यात गेला. वारणाकाठची काळी जमीन, जमिनीत ऊस आणि उसात हरळी, लव्हाळा, कुंदा. आजीला पावसाळ्यात कुणी "बरी हाईस का?" विचारलं, तर ती तब्येतीऐवजी किती सऱ्या भांगलायच्या राहिल्यात ते सांगायची. हरळीची एक मुळी रानात राहिली तर ती सुनेच्या माहेरच्या माणसांसारखी परत परत येते, असं तिचं म्हणणं. हे ऐकलं की आई भाकरी जरा जोरात थापायची. अशा घरातल्या मी न्यू जर्सीत एडिसनजवळ घर घेतलं आणि पहिल्याच शनिवारी दुकानात जाऊन गवताचं बी विकत आणलं. पिशवी गाडीत टाकताना आजूबाजूला पाहून घेतलं. गावाकडचं कुणी बघत नव्हतं.

अमेरिकेत कर्जाबरोबर घर येतं, घराबरोबर गवत येतं आणि गवताबरोबर शेजारी. गवत फार वाढलं तर नगरपालिका नोटीस पाठवते. ते वाळलं तर शेजारी येऊन "घरात सगळं ठीक आहे ना?" असं हलक्या आवाजात विचारतो. आमच्या समोर राहणारे निवृत्त गृहस्थ तर या बाबतीत इतके जागरूक की आम्ही घरात त्यांना सरपंच म्हणतो. त्यांचं गवत रोज सकाळी न्हाव्याकडे जाऊन येत असावं, इतकं सारखं. ते यंत्र घेऊन गवत कापायला निघाले की मी खिडकीचा पडदा ओढून घेतो. आपलं पोर नापास झालेलं असताना शेजारच्या पोराच्या पेढ्यांना सामोरं जायला नको वाटतं, तसं.

गवतावरचं संकट मात्र आधी गवतावर आलंच नाही. ते आलं बायकोच्या जास्वंदीवर.

बायको फोंड्याची. गणपतीला लाल जास्वंद हवी म्हणून तिने पाच कुंड्या उन्हाळाभर लेकरांसारख्या सांभाळलेल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या कुंड्यांवर पाहुणे आले. नखाएवढे भुंगेरे, जेमतेम एक सेंटिमीटरचे. डोकं चकचकीत हिरवं, पाठ नुकत्याच चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखी, पोटाच्या दोन्ही कडांना पाच-पाच पांढरे झुपके आणि मागे आणखी दोन. दागिने मोजून घालून लग्नाला निघाल्यासारखे. आणि जेवायची पद्धत अशी की पानातला गर तेवढा खायचा आणि शिरांची जाळी जागच्या जागी ठेवायची. सराईत माणसाने बोंबील खाल्ल्यावर ताटात जे उरतं, ते जास्वंदीला लटकत होतं. याला तीनशेहून जास्त झाडं चालतात. गुलाब आणि द्राक्ष विशेष आवडीचे. शिवाय एकाने पान कुरतडलं की त्या पानाच्या वासाने बाकीचे येतात, त्यामुळे एकटा भुंगेरा ही अवस्था तासभरही टिकत नाही. पंगतच बसते.

याचं नाव जॅपनीज बीटल, आणि याच्यासाठी दुकानात सापळा मिळतो. पिवळा, वरती पंख्यासारखी पाती, खाली लांबट पिशवी. सोबत वासाची पुडी. ती मी फोडली आणि माझे हातच थांबले. ओळखीचा वास! या आमिषात युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, आणि जिरॅनिऑल, जे गुलाबाच्या अत्तरात असतं. थोडक्यात मसाला पान. त्याच्या जोडीला मादीच्या वासाची वेगळी पुडी, म्हणजे पानाबरोबर बाकीचीही सोय. मी हा सापळा जास्वंदीच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर टांगला. संध्याकाळपर्यंत पिशवी निम्मी भरली. गुऱ्हाळावरून पहिली काकवी आणल्यासारखी ती मी घरात नेऊन सगळ्यांना दाखवली.

त्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले होते. सहा महिन्यांचा मुक्काम. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, खिडकीतून जास्वंदीकडे पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं बोलवायला पान लावलंयस व्हय?"

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र हसू आलं नाही. मिडलसेक्स काउंटीतला एकूण एक भुंगेरा आमच्या दाराशी. पिशवी भरली, गळ्यापर्यंत भरली, आणि उरलेले शेजारच्या कुंड्यांवर बसून आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत जेवत होते. त्यात रात्री पाऊस झाला. भिजलेल्या पिशवीतून जो वास सुटला त्याचं वर्णन मी जेवणाची वेळ असो वा नसो, करणार नाही.

मग मी वाचलं. आधी वाचायला हवं होतं हे मला बायकोने सांगितलेलं आहे, वाचकांनी पुन्हा सांगू नये. केंटकी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हे सापळे तपासून पाहिले होते. सापळा जेवढ्या भुंगेऱ्यांना बोलावतो तेवढे काही त्यात पडत नाहीत. त्यामुळे जवळच्या झाडांचं नुकसान कमी व्हायचं सोडून वाढतं. म्हणजे मी आमंत्रणपत्रिका गावभर वाटल्या होत्या आणि मांडव मात्र बारा माणसांचा घातला होता.

त्याच संध्याकाळी सरपंच रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, तक्रार. पण त्यांचा चेहरा प्रसन्न. म्हणाले, "माझे गुलाब यंदा काय फुललेत! सगळे भुंगेरे तुझ्याकडे." आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेले दोन नवे सापळे माझ्या हातात ठेवले. भेट म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी कारभार हातात घेतला. सकाळी सहाला, चहाच्या आधी, ते धोतर खोचून कुंड्यांपाशी जात. हातात दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा, डब्यात भांडी घासायच्या साबणाचं पाणी. भुंगेरा सकाळच्या गारव्यात सुस्त असतो. त्याला बोट लावलं की तो उडत नाही, पाय आखडून खाली पडतो. खाली डबा धरलेला असला की झालं. ही युक्ती इथल्या कृषी खात्याच्या पत्रकातही दिलेली आहे, पण अण्णांना पत्रक लागत नव्हतं. त्यांचा हात यात पन्नास वर्षं बसलेला.

गावाकडे वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या दोन-तीन दिवसांत संध्याकाळी सातच्या पुढे जमिनीतून भुंगेरे निघायला लागतात. आमचे तपकिरी, मळकट, याच्यासारखे नटवे नाहीत. निघाले की ते थेट बांधावरच्या बाभळीवर आणि कडुनिंबावर जातात. रात्रभर पाला खातात, जोड्या जमवतात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत. म्हणून त्या रात्री अख्खी आळी बाहेर पडायची. कुणाकडे बॅटरी, कुणाकडे कंदील, कुणाकडे लांब काठीला बांधलेला आकडा. फांद्या हलवायच्या, भुंगेरे टपाटपा पडायचे, ते गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात. उसाच्या पट्ट्यात हा सामुदायिक कार्यक्रम असतो, कारण एकट्याने आपल्या बाभळी झाडून काही होत नाही. भुंगेऱ्याला सात-बारा वाचता येत नाही. अण्णा मला शंभर भुंगेऱ्यांना चार आणे द्यायचे. मी ऐंशी मोजून शंभर सांगायचो. पुढे सॉफ्टवेअरमध्ये तासांचा हिशोब लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मला कुणी शिकवावं लागलं नाही.

इथे मात्र अण्णांना एक गोष्ट पटेना. "आमचा रातीचा येतो, चोरावानी. ह्यो उन्हात, धा वाजता, मानसांदेखत जेवतोय. लाज न्हाई?" काही भुंगेऱ्यांच्या डोक्यामागे एखादा पांढरा ठिपका दिसायचा. ते एका माशीने घातलेलं अंडं असतं. ही माशीही १९२०च्या दशकात मुद्दाम जपानहून आणून इथे सोडलेली. अंड्यातून अळी निघते, भुंगेऱ्याच्या आत शिरते आणि चार-सहा दिवसांत त्याचा निकाल लावते. त्यामुळे ठिपकेवाल्याला मारायचं नाही, त्याच्या पोटात आपली माणसं आहेत. मी हे सांगितल्यापासून अण्णा ठिपकेवाल्याला "गंध लावलेला" म्हणून बाजूला सोडून द्यायचे.

जुलै असा भुंगेऱ्यांत गेला. ऑगस्टमध्ये ते हळूहळू दिसेनासे झाले, आणि आम्ही जिंकलो असं मला वाटलं.

मी तेव्हा रोज संध्याकाळी गवताला पाणी घालत होतो. समोरच्या सरपंचांनी उन्हाळ्यात पाणी बंद ठेवलेलं. त्यांचं गवत चक्क तपकिरी पडलेलं. म्हातारा दमला, असं मला वाटलं आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, बरंही वाटलं. खिडकीचा पडदा मी पहिल्यांदाच उघडा ठेवला.

सप्टेंबर उजाडला. पाऊस झाला, उन्हं नरमली आणि सरपंचांचं गवत झोपेतून उठल्यासारखं हिरवं झालं. माझ्याकडे उलट. आधी ताटाएवढे पिवळे डाग, मग परातीएवढे, मग ते एकमेकांना मिळाले. मी पाणी वाढवलं. मग एका रात्री कुणीतरी लॉन नांगरून ठेवलं. सकाळी बघतो तर जागोजाग पंजाने उकरलेले खड्डे आणि हवेत जळक्या टायरात लसूण परतल्यासारखा वास. स्कंक. दुसऱ्या रात्री रॅकून आले. हे जास्त व्यवस्थित. त्यांनी गवताचा थर दोन हातांनी धरून लग्नघरातली सतरंजी गुंडाळावी तसा गुंडाळून बाजूला ठेवला होता. तिसऱ्या दिवशी कावळे.

मी एका लॉनवाल्या कंपनीला फोन केला. एक तरुण आला, बूट न मळवता कडेने फिरला आणि त्याने मला वर्षाची सहा टप्प्यांची योजना दिली. दर टप्प्याला पैसे. गवताला काय झालंय ते कितव्या टप्प्यात कळेल, असं मी विचारलं तर तो म्हणाला, योजना सर्वसमावेशक आहे.

तो गेला आणि अण्णा बाहेर आले. त्यांच्या हातात खुरपं होतं. हे खुरपं त्यांनी गावाहून सामानातल्या बॅगेत, धोतरात गुंडाळून आणलं होतं; कशासाठी, ते विचारल्यावर "असावं" एवढंच उत्तर मिळालं होतं. ते डागाच्या कडेला उकिडवे बसले, एक बोट गवताखाली घातलं आणि गवत अलगद उचललं. मुळंच नव्हती. खाली माती, आणि मातीत पांढऱ्या, मऊ, तपकिरी डोक्याच्या, अर्धचंद्रासारख्या वळून निवांत पडलेल्या अळ्या. अण्णांचा चेहरा उजळला. परदेशात चार महिने कुणी ओळखीचं न भेटलेल्या माणसाला अचानक आपल्या तालुक्यातला माणूस दिसावा, तसा.

"आरं लेका, हुमणी!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला, "हुमण? आज? मासे कुठे आणलेत?"

वारणाकाठच्या आणि फोंड्याच्या माणसाने एकाच घरात राहायचं ठरवलं की असं होतं. तिच्या माहेरी हुमण म्हणजे नारळाच्या वाटणातली माशांची आमटी, घरातलं रोजचं सुख. आमच्या माहेरी, म्हणजे माझ्या, हुमणी म्हणजे उभा ऊस वाळवणारी अळी. मी एक अळी तळहातावर घेऊन तिला दाखवली. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे हुमण झालं नाही.

अण्णांनी खुरप्याने एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापला, वहीचं पान उलटावं तसा उलटला आणि अळ्या मोजल्या. सतरा. चौकोन परत झाकून वर पाय दिला. चौरस फुटाला दहाच्या आसपास गेलं की गवत हरतं, असं इथली पुस्तकं सांगतात. अण्णांनी आणखी तीन ठिकाणी मोजलं आणि प्रत्येक आकडा ऐकून मला सरीवर सरी आडवा झालेला ऊस दिसायला लागला. हुमणी लागलेलं बेट असंच असतं: आधी पिवळं, मग वाळकं, आणि धरून ओढलं तर ऊस समूळ हातात येतो, कारण मूळ नावाची वस्तू खाली शिल्लकच नसते.

"किती रान हाय ह्ये?" अण्णांनी विचारलं.

"गवताचं? पाच गुंठे असेल."

"निघतं काय?"

"काय म्हणजे?"

"उत्पन्न."

"काही नाही, अण्णा. गवत आहे."

"जनावरं हायत?"

"नाहीत."

"मग कापून काय करतोस?"

"कागदी पिशवीत भरतो. नगरपालिका घेऊन जाते."

"पैसं दित्यात?"

मी म्हणालो, घराच्या करात मीच त्यांना देतो. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बी, खत, पाणी, यंत्राचं पेट्रोल असा खर्च विचारून घेतला आणि मनात एकरी हिशोब केला असावा, कारण रात्री फोनवर ते चुलत्यांना हळू आवाजात सांगत होते, "पोरगं बरं हाय. पर रान तोट्यात हाय."

आता या अळीची कूळकथा. जुलैत जास्वंद खाणाऱ्या माद्या दुपारनंतर गवतात उतरून मातीत थोडी थोडी करून चाळीस ते साठ अंडी घालतात. अंड्याला ओल लागते. कोरड्या मातीत बरीचशी अंडी मरतात, आणि म्हणूनच अनुभवी माणूस जुलैत गवत तपकिरी पडू देतो. हे मला सरपंचांनी नंतर, अत्यंत सहानुभूतीने समजावलं. माझ्या पाच गुंठ्यांत मात्र मी रोज संध्याकाळी नळी धरून बाळंतिणीची सोय करत होतो. दोनेक आठवड्यांत अळी बाहेर येते, थंडी पडेपर्यंत मुळं खाते, मग बर्फाच्या खाली खोल जाऊन झोपते. एप्रिलमध्ये वर येऊन पुन्हा जेवते, कोषात जाते आणि जूनअखेरीस दागिने घालून बाहेर. वर्षाला एक पिढी. आमच्या हुमणीचंही वेळापत्रक असंच वर्षाचं, फक्त तिचं कॅलेंडर मृगाच्या आसपास सुरू होतं.

आणि हा भुंगेरा अमेरिकेत आला कुठे? न्यू जर्सीत. देशभरात कुठेही उतरता आलं असतं, पण नाही. १९१६ साली रिव्हरटन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत तो पहिल्यांदा सापडला. आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. बहुधा आयरिसच्या कंदांबरोबर आलेल्या मातीत अळी बसून आली. परदेशी रोपांची तपासणी करायचा कायदा १९१२ साली झाला आणि हे महाशय त्याच्या आधीच उतरलेले असावेत असं मानतात. मी तीन वेळा वकील बदलून, दोन वेळा मुंबईच्या वकिलातीच्या रांगेत उन्हात उभा राहून आलो. असो.

जपानात हा भुंगेरा फार त्रास देत नाही. तिथे त्याचे शत्रू आहेत, आणि दुसरं म्हणजे तिथे अळीला एवढं गवत कुणी वाढून ठेवत नाही. इथे आला तर मैलच्या मैल पंगत मांडलेली: घराघरापुढे मऊ, पाणी दिलेली मुळं. आणि ज्या गवतासाठी हे सगळं, ते तरी कुठलं? केंटकी ब्लूग्रास केंटकीचं नाही आणि निळंही नाही. ते मूळचं अटलांटिकच्या पलीकडचं. टॉल फेस्क्यू युरोपातलं. गवत युरोपचं, भुंगेरा जपानचा, मालक वारणाकाठचा, मालकीण फोंड्याची. त्या पाच गुंठ्यांत मूळचे इथले म्हणावेत ते रात्री येणारे स्कंक आणि रॅकून, आणि त्यांनाच हाकलायला मी पहाटे तीनला पोळपाट-लाटणं वाजवत उभा.

शनिवारी अण्णांना घेऊन दुकानात गेलो. अण्णा दहावीपर्यंत शिकलेले आहेत आणि औषधांच्या बाटल्यांवर जेवढं इंग्रजी असतं तेवढं त्यांना अस्खलित येतं. मी किमती बघत होतो. ते चष्मा कपाळावर चढवून पिशवीच्या मागची बारीक अक्षरं वाचत होते आणि एकदम ओरडले, "आरं, ह्ये तर कोराजन!"

पिशवीवर नाव दुसरंच होतं. पण आतलं औषध क्लोरॲन्ट्रॅनिलिप्रोल, जे आमच्याकडे त्या नावाने उसातल्या खोडकिड्यासाठी दर दुकानात मिळतं. पुढची दहा मिनिटं अण्णांनी त्या ओळीत उभं राहून मला व्याख्यान दिलं. शेजारी उभी असलेली एक बाई आपली गाडी थांबवून आदराने ऐकत होती, तिला एक अक्षर कळत नसताना. मुद्दा असा की हे औषध लहान अळीसाठी. ते एप्रिल-मेमध्ये टाकून ठेवायचं, म्हणजे ऑगस्टात अंड्यातून निघालेली अळी त्यात सापडते. आता सप्टेंबरात हुमणी पोसली, "आता तिला ह्ये म्हंजे मुखवास." मी तरी दुसरं एक जुनं नावाजलेलं औषध शोधलं, पण मधमाश्यांना घातक म्हणून त्या जातीच्या औषधांवर न्यू जर्सीने २०२२ साली कायदा केला, आणि आता घरगुती गिऱ्हाइकाला ते मिळत नाही. अण्णांनी या कायद्याला मान डोलावली. गावात मधमाशी कमी झाल्यापासून शेवग्याला शेंग धरत नाही, असं त्यांचं मत आहे.

शेवटी उपाय ठरला तो जिवंत. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. ते मातीतल्या ओलाव्यातून पोहत जाऊन अळीत शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्यात सोडतात. ती एक-दोन दिवसांत मरते. गंमत म्हणजे या उपायाची सुरुवातही आमच्याच राज्यातली. १९२९ साली हॅडनफील्डजवळच्या गोल्फच्या मैदानात याच भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांत असे कृमी सापडले आणि तेव्हापासून संशोधन सुरू झालं. गावाकडे अण्णा हुमणीला मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी शेणखतात मिसळून टाकतात. तिला ते 'मेटाराजम' म्हणतात. तीही अशीच आत शिरून मारते. १८७९ साली ओडेसात मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यात ती पाहिली होती, आणि पुढे १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी. अण्णा म्हणाले, "हुमणीवरच द्यायला पायजे हुतं."

कृमींची तीन पाकिटं टपालाने आली. दर पाकिटात पाच कोटी. वर लिहिलेलं: त्वरित फ्रिजमध्ये ठेवा. म्हणजे पंधरा कोटी जीव. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. एवढी जनता मी श्रीखंडाच्या डब्यामागे, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवली. बायकोने फ्रिज उघडला, बंद केला आणि मला विचारलं, "हे संपल्यावर आणखी काय आणणार आहेस?" त्यानंतर दोन दिवस तिने दूधसुद्धा मलाच काढायला लावलं.

या कृमींना ऊन सोसत नाही. म्हणून संध्याकाळी, जमीन आधी भिजवून, झारीने शिंपायचे आणि वरून पुन्हा पाणी. अण्णा पुढे झारी घेऊन, मी मागे नळी घेऊन, असे आम्ही अंधार पडेपर्यंत पाच गुंठ्यांत फेऱ्या मारत होतो. सरपंच आपल्या पायऱ्यांवर बसून बघत होते. अखेर न राहवून त्यांनी विचारलं, काही धार्मिक विधी आहे का? दारावर तोरण होतं आणि अण्णा धोतरात, तेव्हा शंका रास्त होती. तोरण अशासाठी, की गणपती तीन दिवसांवर आले होते.

आणि तिथेच खरी पंचाईत झाली. एकवीस दूर्वा. दरवर्षी आम्ही गवतातून दूर्वेसारखं दिसणारं काहीतरी खुडून वेळ मारून नेत होतो. ते क्रॅबग्रास असतं, आणि तेच उगवू नये म्हणून मी वसंतात पैसे मोजून औषध टाकतो. यंदा तेही नव्हतं. हुमणीने निवड केली नव्हती, सरसकट खाल्लं होतं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात गेलो तर दूर्वांच्या छोट्या जुड्या प्लास्टिकच्या डबीत बंद, वर किंमत. तीन डॉलर. अण्णांनी डबी उघडून काडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. आता सांगायला हवं, दूर्वा म्हणजे हरळीच. आजीने जन्मभर जिच्या मुळ्या उपटल्या, तीच.

"हिच्यापायी तुझ्या आजीची कंबर गेली," अण्णा म्हणाले. "तीन डॉलर म्हंजे किती?"

मी रुपयांत सांगितलं. त्यांनी डबी ठेवून दिली. मग गणपतीसाठी म्हणून पुन्हा उचलली. पण घरी आल्यावर एकवीस काड्या देवाला देऊन उरलेल्या त्यांनी कचऱ्यात न टाकता फ्रिजमध्ये ठेवल्या, "परत इकत घ्याय लागंल."

आठ दिवसांनी अण्णांनी पुन्हा चौकोन उलटला. बऱ्याच अळ्यांचा रंग विटेसारखा लाल झाला होता. त्या कृमींनी मारलेल्या अळीची हीच खूण. अण्णांनी त्यांतली एक बोटांत धरून उजेडाकडे केली आणि डाळिंबाचा दाणा पारखावा तशी पारखली. "मेली," ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "आपल्याकडं पाठवता येतील का रं ही?" मी सांगितलं, तिकडेही आता मिळतात. त्यांनी लगेच चुलत्यांना फोन लावला.

ऑक्टोबरात मी उघड्या पडलेल्या जागेवर पुन्हा बी टाकलं. त्याच महिन्यात अण्णा परत गेले. खुरपं इथेच ठेवून गेले, गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर. मे महिन्यात मी कोराजनवाली पिशवी टाकली, जुलैत नळीला हात लावला नाही, रोज सकाळी डबा घेऊन कुंड्यांपाशी गेलो. या सप्टेंबरात त्याच खुरप्याने, त्याच जागी चौकोन कापला. चार निघाल्या.

सरपंचांनी भेट दिलेले दोन सापळे अजून न उघडता पडून आहेत. कुणाला हवे असतील तर एडिसनला येऊन घेऊन जावेत, पैसे नकोत. फक्त लावायचे ते आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे.